मलपृष्ठासाठी परिचय

प्रकाशकांचं पत्र आलं: लेखकाचा परिचय पाठवा,
पाच ओळी, फार तर सहा.
सोबत फोटो. हसरा नसला तरी चालेल.

तर लिहितो.
जन्म डिचोली, कुंभारांच्या घरांना लागून.
हात मातीचे, असं लिहिता आलं असतं,
पण मला चाक कधी जमलं नाही.
अकराव्या वर्षी नरकासुराचे डोळे रंगवले,
कोळसा, चुना आणि आईचं कुंकू.
पहाटे त्याला जाळलं तेव्हा
डोळे सगळ्यात शेवटी गेले.
त्याचंच मला कितीतरी दिवस बरं वाटत होतं.

मग बोर्ड.
कायतानच्या बारसाठी मासळीच्या शेपटीची बाई,
डॉक्टरांची वेळ सकाळी नऊ ते एक,
खाणीच्या ट्रकांमागे ‘पुन्हा भेटू’.
ओल्या रंगावर लाल धूळ बसायची,
माझं प्रत्येक अक्षर थोडं गंजलेलंच निघायचं.
एकदा ‘शुद्ध’ला दीर्घ ऊकार दिला, पैसे मिळाले नाहीत.
तेव्हापासून शब्दांना जरा भिऊन असतो.

जत्रेच्या नाटकांत काम कोणी दिलं नाही,
आवाज बसका, उंची बेताची.
विंगेत उभं केलं, हातात वही आणि टॉर्च:
तू वाच, आम्ही बोलतो.
सव्वीस वर्षं
राजा, राजाची आई, विष देणारा वैद्य
सगळे एकाच कुजबुजीत झालो,
तोंडाला पावडर न लावता.

मयेला, तिसऱ्या अंकात, टॉर्चची बॅटरी संपली.
स्टेजवर घनश्याम, घामाने मिशी सुटत आलेली,
माझ्याकडे बघतोय.
वहीत काळोख.
मी जे पुटपुटलो ते कुठे लिहिलेलं नव्हतं:
‘मी दार उघडंच ठेवून निजतो.
परत येणाऱ्याला ठोठावायची लाज वाटते.’
घनश्यामने ते असं म्हटलं
की खाज्याच्या दुकानातला तराजू
अर्ध्यावर थांबला.

रात्री पाय धुताना सुलक्षा म्हणाली,
ते वाक्य नाटकातलं नव्हतं.
तिचा भाऊ तुळशीदास जहाजावर गेला
त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.
एडनहून एक पोस्टकार्ड. मग काही नाही.
मी म्हटलं, नव्हतं.
ती म्हणाली, पुढे काय होतं?
आणि मला पुढचं ठाऊक नव्हतं.

त्या ‘पुढे काय’ला एकोणीस वर्षं लागली.
नाटकाच्या जुन्या वह्या, त्यांच्या पाठकोऱ्या बाजू.
मधेच खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणांत उभे राहिले,
पुन्हा भेटू, पुन्हा भेटू,
चाकांवर रानवेली.
बोर्ड फ्लेक्सचे झाले. ब्रश रॉकेलमध्ये वाळले.
मी चारदा कादंबरी संपवली.
तीनदा तुळशीदास परत आला,
एकदा तर दाढी करून, नवी बॅग घेऊन.
चौथ्यांदा नाही आला, तेव्हा ती खरी वाटली,
आणि सुलक्षा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आत्ता ती खांद्यावरून वाचतेय.
पाच ओळी मागितल्या ना रे,
की भिंत रंगवायला घेतलीस?
खोड म्हणते सगळं.
नरकासुर नको, बार नको, माझं नाव तर मुळीच नको.
पत्ता घाल.
मी म्हणतो, पुस्तकावर लेखकाच्या घरचा पत्ता
कोण छापतं?
ती माझ्या हातातलं पेन काढून घेते.
अक्षर माझ्यापेक्षा वाईट, पण ऊकार बरोबर:

डिचोली. बसस्टँडवरून नदीकडे उतरलं की
पदेराच्या भट्टीमागे, हिरव्या ग्रिलचं घर.
पूर्वी ग्रिल नव्हतं.
ते नुसतं ओढलेलं असतं.
ठोठावू नये.